गवतातलं पिल्लू उचलण्याआधी

पहिला पाऊस पडून गेला, की भिवंडीच्या आसपासच्या गावांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो. "माळावर पिल्लू सापडलं. आई कुठे दिसत नाही. घरी आणलंय. आता काय खायला घालू?"

पिल्लू कधी सशाचं असतं, कधी चंडोलाचं. विचारणाऱ्याचं मन चांगलंच असतं. दया आली म्हणूनच त्याने ते उचललेलं असतं.

पण पुष्कळदा त्या पिल्लाला कसलाही धोका नसतो. ते आपल्या घरातच बसलेलं असतं. त्याचं घर आपल्याला दिसत नाही, एवढंच.

म्हणून तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्यासाठी प्राण्यांचं शिक्षण लागत नाही. थोडा धीर लागतो, आणि कुणाची आई कधी येते हे माहीत असावं लागतं.

माझ्याच हातून झालेली चूक आधी सांगते.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. अंबाडीच्या पुढे मामाचं गाव. वरकसावर नवं गवत घोट्याएवढं वर आलं होतं. तिथे आम्हा पोरांना सशाची दोन पिल्लं दिसली. मुठीएवढी. डोळे टक्क उघडे. जवळ गेलो तरी हलली नाहीत. आई टाकून गेली, असं आम्ही ठरवूनच टाकलं. मी ती फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणली.

टोपलीत जुनं लुगडं अंथरलं. गाईचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्याने पाजलं. शेजारपाजारची पोरं बघायला आली. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं तिसऱ्या दिवशी पहाटे.

मामी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही पिल्लं आणली, त्या संध्याकाळी त्याच जागी एक ससा घुटमळत होता."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. तुमच्या घरात कुणाला ते ऐकावं लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

एकाच गवतातले दोन शेजारी

आधी दोघांची नीट ओळख करून घ्या.

मुलांच्या पुस्तकातला ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. तो पाळीव ससा. त्याचं मूळ युरोपातलं. त्याचे रानातले भाऊबंद जमिनीत बिळं करून राहतात. आपला रानससा वेगळ्याच जातीचा आहे. रंग सुक्या गवताचा. मानेच्या मागे काळा डाग. शेपटी वरून काळी. कान लांब, मागचे पाय लांब. तो बीळ करत नाही. गवतात, झुडपाच्या आडोशाला, अंगाच्या मापाची एक खोलगट जागा करतो आणि दिवसभर तिथे दबून बसतो. संध्याकाळ झाली की चरायला निघतो.

चंडोल हा गाणारा पक्षी. आपल्या कोकणपट्टीत दिसतो तो मलबारी चंडोल. तो पश्चिम भारतातच राहतो, जगात दुसरीकडे नाही. चिमणीपेक्षा जरासा मोठा. मातकट रंग, छातीवर गडद रेघा, डोक्यावर टोकदार तुरा. पुष्कळांना ती रानातली चिमणीच वाटते. पण उन्हाळ्याच्या सकाळी माळावर उभे राहा. गात गात हवेत वर चढणारा एक ठिपका दिसला, तर तो चंडोल समजा. तो गातो आकाशात, पण घर बांधतो जमिनीवर. ढेकळाच्या किंवा गवताच्या चुडाच्या आडोशाला छोटासा खळगा, त्यात गवताच्या काड्या, आणि ठिपके असलेली दोन-तीन अंडी.

म्हणजे पडघ्याच्या, आमण्याच्या, अंबाडीच्या एकाच माळावर हे दोघे शेजारी राहतात. दोघांचा रंग मातीचा, गवताचा. दोघांचं बळ एकच. न हलणं, न दिसणं. पाय अगदी जवळ पडेपर्यंत ससा उठत नाही, आणि चंडोलाचं घरटं तुम्ही ओलांडून गेलात तरी कळत नाही.

इथवर दोघं सारखे. लेकरं वाढवायची रीत मात्र अगदी उलटी.

एक आई रात्रपाळीची, एक दिवसपाळीची

भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. पाळी म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. सशाची आई रात्रपाळीची. चंडोलाची आई दिवसपाळीची.

सशाचं पिल्लू जन्मतःच तयार असतं. अंगावर केस असतात. डोळे उघडे असतात. थोड्याच वेळात ते हलू-चालू लागतं. त्याच्या अंगाला वास फार कमी. आईच्या अंगाला मात्र वास असतो. ती सारखी जवळ राहिली तर कोल्हा, मुंगूस, कुत्रा तिच्या मागाने पिल्लापर्यंत पोचेल. म्हणून ती मुद्दाम लांब राहते. रानसशांच्या जातींत आई बहुधा दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर येते. काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. हे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी स्निग्ध असतं. एकदा पोट भरलं की पिल्लाला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरतं.

चंडोलाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा डोळे मिटलेले. अंग जवळजवळ उघडं, नुसती विरळ लव. त्याला ऊब लागते, आणि थोड्या थोड्या वेळाने घास लागतो. आई-बाप दिवसभर किडे, अळ्या, नाकतोडे आणत असतात. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्यांना उसंत नाही.

आता नीट लक्षात ठेवा.

सशाचं पिल्लू दिवसा एकटं दिसलं, तर सगळं ठीक आहे. आई एरवीही दिवसा येतच नाही.

चंडोलाच्या घरट्याकडे मात्र दोन-तीन तास कुणीच फिरकलं नाही, तर काळजी करावी. तीही तुम्ही लांब उभे असाल तर. तुम्ही घरट्याच्या उशाशी उभे राहिलात, तर आई-बाप येणारच नाहीत. तोंडात अळी घेऊन ते कुठेतरी ढेकळावर बसून तुमची जायची वाट बघत असतील.

सशाचं पिल्लू दिसलं तर

पहिलं, हात लावू नका. जागेवर थांबा. त्याला जखम आहे का, अंगावर माशा किंवा मुंग्या लागल्या आहेत का, ते नुसतं बघा.

दुसरं, जखम नसेल तर मागे फिरा. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने जा. आजूबाजूचं गवत तुडवत दुसरं पिल्लू शोधू नका. भावंडं बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी दबून असतात. ती तुमच्या पायाखाली येतील.

तिसरं, बरोबर कुत्रा असेल तर त्याला लगेच लांब न्या.

चौथं, मुलांना समजावून सांगा. "त्याची आई रात्रपाळीला येते." एवढं सांगितलं तरी मूल समजतं.

पाचवं, गावभर बोभाटा करू नका. फोटो काढायला माणसं जमली की पिल्लाचा ठावठिकाणा सगळ्यांना कळतो. त्यात ज्यांना कळू नये तेही असतात.

समजा, कुणी आधीच उचलून आणलं असेल, तरी वेळ गेलेली नाही. पिल्लू धडधाकट असेल तर आजच्या आज, अंधार पडायच्या आत, होतं तिथेच नेऊन ठेवा. हातावर थोडं गवत चोळा, स्वच्छ कापडात धरून न्या, आडोशाला ठेवा आणि निघून या. "माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही," असं म्हणतात. त्या भीतीपायी पिल्लू घरात ठेवून घेऊ नका. घरापेक्षा गवतात त्याची आशा जास्त आहे.

पाखराचं पिल्लू दिसलं तर

इथे आधी पिल्लाचं वय बघा.

डोळे मिटलेले असतील, अंगावर पिसं नसतील, तर ते घरट्यातलं पिल्लू. त्याची जागा घरट्यातच. चंडोलाचं असेल तर घरटं तिथेच दोन-चार हातांवर जमिनीवर असेल. पाय जपून टाकत शोधा. सापडलं तर हलक्या हाताने आत ठेवा. आंगणात बुलबुलाचं किंवा दयाळाचं पिल्लू पडलं, तर घरटं वर झाडात किंवा भिंतीच्या पोकळीत असेल. हात पोचत असेल तर परत ठेवा. हात लागला म्हणून पाखरं पिल्लू टाकत नाहीत. हा समज मनातून काढून टाका.

अंगभर पिसं आली असतील, शेपटी आखूड असेल, आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू. त्याला काही झालेलं नाही. चंडोलाची पिल्लं तर नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि गवतात लपतात. आई-बाप तिथे येऊन भरवतात. अशा पिल्लाला पकडून पिंजऱ्यात घालू नका. रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून कडेच्या झुडपात ठेवा. मांजर जवळ असेल तर मांजराला घरात घ्या. बस्स.

घरटं मोडून गेलं असेल, तर आंगणातल्या पाखरासाठी एक करता येतं. छोटी टोपली किंवा नारळाची करवंटी घ्या. तळाला भोक पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. सुकं गवत घाला. जुन्या घरट्याच्या जवळच, सावलीत, घट्ट बांधा. मग लांबून बघा. आई-बाप पिल्लाचा आवाज ऐकून पुष्कळदा तिथेच भरवायला लागतात.

खरंच दुखापत असेल तर

काही वेळा मदत लागतेच. कुत्र्याने किंवा मांजराने धरलं असेल. पाय किंवा पंख लोंबत असेल. रक्त येत असेल. आई शेजारी मरून पडली असेल. अशा वेळी पुढे व्हा.

झाकण असलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. चार-सहा भोकं पाडा. तळाशी मऊ कापड घाला. पिल्लाला कापडात धरून आत ठेवा आणि झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. रानसशाला भीतीचाच मोठा धक्का बसतो. माणसांची गर्दी, टीव्हीचा आवाज, हातातून हातात फिरवणं, एवढ्याने धडधाकट ससासुद्धा दगावतो.

दूध पाजू नका. सशालाही नको, पाखरालाही नको. गाईचं दूध सशाच्या पिल्लाला पचत नाही, आणि पाखरं दुधावर वाढतच नाहीत.

चोचीत पाणी ओतू नका. पाखराच्या जिभेच्या मागेच श्वासाची वाट असते. पाणी तिकडे गेलं की पिल्लू गुदमरतं. पाव, भात, शेव असलं काही भरवू नका.

मग वनखात्याला फोन करा. त्यांच्या 'हॅलो फॉरेस्ट' मदतवाहिनीचा नंबर 1926 आहे. तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. तुम्ही कुठे आहात, कोणता प्राणी आहे, काय झालंय, हे तीन वाक्यांत सांगा. मांजराने नुसता दात लावला असेल तरी तेही सांगा. मांजराच्या तोंडातली घाण रक्तात गेली की पाखरू एक-दोन दिवसांत मरतं. वरून काही दिसत नाही, म्हणून फसू नका.

शेतकरी भावांना

आता शेतीवाडीचं बोलू. पुष्कळ पिल्लं आपल्या कळत-नकळत इथेच जातात.

आगोटीच्या आधी आपण राब भाजतो. वाडवडिलांपासूनची रीत आहे. पण चंडोलाची अंडी-पिल्लं साधारण त्याच दिवसांत गवतात असतात. आग आली की मोठा ससा पळतो. पिल्लू पळत नाही. त्याला आईने एकच शिकवलेलं असतं, हलू नकोस. ते तिथेच राहतं.

म्हणून राबाची आग राबातच ठेवा. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर भाजा. खाचराच्या कडेने चार हात पट्टा खरवडून मोकळा करा. पाण्याचे हंडे आणि हिरव्या फांद्या जवळ ठेवा. पेटवण्याआधी बाजूच्या गवतातून काठी वाजवत एक फेरी मारा. निखारे विझेपर्यंत जागा सोडू नका.

"नवं गवत चांगलं फुटतं" म्हणून माळ पेटवून देऊ नका. वणवा एकदा डोंगराला लागला की तो तुमचं ऐकत नाही. गुरांची वैरण जाते. आंब्या-काजूची कलमं जातात. कुणाच्या तरी झोपडीपर्यंत ठिणगी पोचते. उघड्या पडलेल्या डोंगराची माती पहिल्याच पावसात वाहून खाली खाचरात येते. नुकसान शेवटी आपल्याच दारात येतं.

गवत कापताना मधून बाहेर कापत या. चारही बाजूंनी आत कापत गेलात, तर आतले जीव मधल्या पट्ट्यात कोंडले जातात आणि शेवटी विळ्याखाली येतात. मधून सुरुवात केली तर त्यांना निसटायला बाजू मिळते.

घरटं दिसलं तर त्याच्याभोवती दोन पावलांचं गवत ठेवा. अंडी घातल्यापासून पिल्लं घरटं सोडेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस तो तुकडा राहू द्या. शेजारी काठी मात्र रोवू नका. काठीवर कावळा बसतो, आणि कावळ्याला सगळं दिसतं. खूण हवी तर दहा पावलं लांब दगड ठेवा.

ससा वालाचे, हरभऱ्याचे कोंब खातो, हे खरं आहे. तुमचा राग मी समजू शकते. पण त्याला फास लावू नका. कुंपण खालून बंद करा. करवंदीच्या, बाभळीच्या काट्या जमिनीशी घट्ट दाबून बसवा, किंवा हातभर उंचीची जाळी तळाशी पुरून लावा. ससा बहुतेक वेळा खालूनच आत शिरतो. आणि चंडोल तुमच्या पिकावरच्या अळ्या वेचून पिल्लांना घालतो, त्याची मजुरी मागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

गोदामवाले आणि बांधकामवाल्यांना

भिवंडीच्या चारही बाजूंना आज गोदामं उभी राहिली आहेत. समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोकही आपल्याच तालुक्यात, आमण्याला आहे. 2025 च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. हजारो घरं या कामांवर चालतात. काम थांबवा, असं मी म्हणत नाही.

एवढंच म्हणते, की जेसीबी लावायच्या आदल्या दिवशी चार माणसं ओळीने त्या जमिनीवरून चालवा. सावकाश, काठी वाजवत. एका बाजूने सुरुवात करून मोकळ्या रानाच्या दिशेने चाला, म्हणजे जे पळू शकतात ते तिकडे जातील. घरटं निघालं तर तो कोपरा शेवटी घ्या. काम दहा कोपऱ्यांचं असतं, एक मागे ठेवता येतो.

आवारात कुंपणाच्या कडेने गवताचा पट्टा राहू द्या. रोज कापून गालिचा करू नका. पावसाचं पाणी तिथे मुरेल, धूळ बसेल, आणि कुणाचं तरी घर राहील.

जेवणाचं उष्टं उघड्यावर फेकू नका. त्यावर मोकाट कुत्री वाढतात. रात्री हीच कुत्री टोळीने माळावर जातात. दिवसा ती तुमच्याच कामगारांच्या पायाला लागतात. आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्याही वस्तीपर्यंत येतो. आपल्या एका अंगाला तानसाचं जंगल आहे, दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर. हे विसरून चालणार नाही. डबे झाकलेले ठेवा. कुत्र्यांची नसबंदी करून घ्यायला ग्रामपंचायतीच्या, महापालिकेच्या मागे लागा.

रात्री गाडी चालवताना

अंबाडी-वाड्याच्या बाजूला, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या वाटेवर रात्री ससा रस्त्यावर येतो. समोर दिव्यांचा झोत आला की तो पळत नाही. थबकतो. त्याच्या अंगातली जुनी सवय त्याला सांगते, हलू नकोस. त्या सवयीला गाडी ठाऊक नाही.

म्हणून गाव आणि रान लागलं की वेग कमी करा. ससा दिसला तर मागे कुणी नाही ना हे बघून गाडी हळू करा, दिवे खाली करा, हॉर्न एकदाच वाजवा. दोन क्षणांत तो जातो. त्याला चुकवायला एकदम गाडी वळवू नका. मोटरसायकलवाल्यांनी तर मुळीच नाही. तुमचा जीव आधी.

गलोल, वाघूर आणि पिंजरा

आता थोडं कडक बोलते. घरचं माणूस म्हणून ऐकून घ्या.

रात्री बॅटरी घेऊन सशाच्या मागे जाणं, वाघूर लावणं, फास टाकणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे. मारणं, विकत घेणं, त्याचं मांस बाळगणं, सगळंच त्यात येतं. कैद होते, दंड होतो. जुन्या काळी लोक पोटासाठी शिकार करत. तेव्हा रानही मोठं होतं. आज चैनीसाठी केलेल्या एका जेवणापायी घरातला कमावता मुलगा कोर्टाच्या फेऱ्या मारत बसेल. कुणी हळूच म्हणालं, "सशाचं मटण आहे, हवं का?" तर सरळ नाही म्हणा. घेणारा नसेल तर मारणारा थांबतो.

रानातली पाखरंही पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. मुनिया असो, पोपट असो, बाजारात कितीही उघड विकायला असो. दया येऊन विकत घेऊन सोडलं, तरी विकणारा उद्या दुसरं पकडून आणतो. विकत घेऊ नका, 1926 वर कळवा.

पाळीव पांढरा ससा मुलांसाठी आणला असेल तर तो शेवटपर्यंत सांभाळा. कंटाळा आला म्हणून माळावर सोडू नका. त्याला तिथे लपता येत नाही, कारण त्याचा रंगच गवताचा नाही. तो तिथे फार दिवस टिकत नाही.

आणि पोरांच्या हातातली गलोल. ती ओरडून काढून घेऊ नका. त्या जागी दुसरं काही द्या. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचीच गोष्ट घ्या. ते मुंबईचे, 1896 साली जन्मले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असं त्यांनी मामांना विचारलं. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या माणसाने पोराला झिडकारलं नाही. पाखरांचे नमुने ठेवलेले खण एकेक करून उघडून दाखवले. त्या दिवसापासून तो मुलगा पाखरांचाच झाला.

तुमच्या मुलालाही विचारा. "हे कुठलं पाखरू? ते घरटं कुठे बांधतं? त्याची आई कधी येते?" सुट्टीच्या सकाळी त्याला माळावर न्या. चंडोल गात वर चढताना दाखवा. ज्याने ते एकदा मान वर करून पाहिलं, त्याचा हात दगडाकडे सहज जात नाही.

आजपासून घरात एवढं करा

1926 नंबर मोबाइलमध्ये घाला.

एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनं सुती कापड माळ्यावर ठेवून द्या.

घरातल्या लहान-मोठ्यांना दोन वाक्यं पाठ करायला लावा. "सशाची आई रात्री येते, त्याला तिथेच राहू द्या." "पाखराची आई दिवसा येते, लांब उभं राहून बघा."

आणि गवतात पिल्लू दिसलं, की वाकायच्या आधी मनात दहा आकडे मोजा.

वर्षं झाली, तरी पाऊस पडल्यावर मामाच्या गावचा तो माळ माझ्या डोळ्यांपुढे येतो. तिन्हीसांज होते. गवतात एक ससा येतो. कालच्या जागी जातो. वास घेतो. पुढे जातो, परत येतो.

तुमच्या गावच्या माळावरही आज संध्याकाळी अशी एक आई येईल. तिचं पिल्लू तिने ठेवलं तिथेच तिला मिळू द्या.